टाकीतलं पेट्रोल आणि गोष्टीतलं पेट्रोल

अंधेरी पश्चिम, जुहू, पार्ले या भागात जे राहतात त्यांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. जुहूच्या विमानतळावरून ती उठतात, चौपाटीवरच्या लोकांच्या डोक्यावरून जातात आणि पश्चिमेला समुद्रात दिसेनाशी होतात. तिकडे सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हाय आहे. 1974 साली 'सागर सम्राट' या जहाजाने तिथे तेल शोधलं, 1976 पासून ते निघायला लागलं, आणि तेव्हापासून माणसं तिथल्या फलाटांवर राहतात, पाळी संपली की परत येतात. फलाट म्हणजे लोखंडी बेटंच. आजूबाजूला दुसरी जमीन नाही.

आज आम्हाला बोलायचंय ते बेटांवर जाणाऱ्या छोट्या विमानांच्या गोष्टींबद्दल. विमानांबद्दल थोडं, गोष्टींबद्दल जास्त. पुस्तकं, आठवणी, सिनेमे, वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि हो, चौकशीचे अहवाल. अहवालही लिहिलेलाच असतो, त्यालाही निवेदक असतो, नायक असतो, खलनायक असतो. मग त्याची समीक्षा का करू नये? आमची तक्रार आधीच सांगून टाकतो. या गोष्टींमध्ये आकाश असतं, धाडस असतं, वादळ असतं. पेट्रोल मात्र शेवटच्या पानावर येतं, तेही संपण्यासाठी. खरं तर पहिल्या पानावर, जमिनीवर असतानाच, त्याचा निकाल लागलेला असतो.

आधी एक शब्द साफ करू. 'रिझर्व्ह'. आपल्यातल्या ज्यांनी जुन्या स्कूटर चालवल्यात त्यांच्या बोटांना हा शब्द माहीत आहे. गाडी आचके द्यायला लागली की पायाशी हात घालून खटका फिरवायचा, रिझर्व्ह लागलं म्हणायचं, आणि पुढचा पंप गाठायचा. म्हणजे स्कूटरचं रिझर्व्ह वापरण्यासाठीच असतं. विमानाचं तसं नाही. तिथला शेवटचा राखीव साठा, पिस्टन इंजिनाच्या विमानाला 45 मिनिटांचा, टर्बाइनच्या विमानाला विमानतळावर 1,500 फुटांवर घिरट्या घालत 30 मिनिटं पुरेल इतका, हा न वापरता खाली उतरायचं असतं. तो टाकीत शिल्लक असतानाच चाकं टेकली पाहिजेत. त्याला हात लागणार असं दिसलं की वैमानिकाने 'मेडे फ्युएल' म्हणायचं, म्हणजे सरळ संकटाची हाक द्यायची. वाण्याकडे उधारी चुकवायला काढलेले पैसे वेगळे आणि देव्हाऱ्यात ठेवलेली नाणी वेगळी, तसं काहीसं.

या शब्दांवर माणसं मेलेली आहेत, म्हणून एवढं घोळवतोय. 25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कच्या वाटेवर आव्हियान्का कंपनीचं बोइंग 707 ताटकळत राहिलं. वैमानिकांनी इंधन कमी होतंय असं सांगितलं, पण 'संकट' हा ठरलेला शब्द वापरला नाही. ऐकणाऱ्याने ते रोजच्या कुरकुरीसारखं ऐकलं. 158 पैकी 73 जण गेले. आता नियमात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, 'मिनिमम फ्युएल' आणि 'मेडे फ्युएल', आणि त्यांत गफलत व्हायला जागा ठेवलेली नाही.

बेटाचा नियम आणखी कडक. साधारण विमानतळाला 'पर्याय' असतो. मुंबई बंद असेल तर अहमदाबाद, गोवा, जे असेल ते. एकाकी बेटाला पर्यायच नसतो. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असं सांगतो की टर्बाइन विमानाने अशा ठिकाणी जाताना तिथे पोचल्यावर आणखी दोन तास उडता येईल एवढं इंधन न्यायचं. दुसरीकडे जाता येत नसेल तर निदान ढग हलेपर्यंत थांबता तरी आलं पाहिजे. आणि वाटेत एक बिंदू असतो, त्यापुढे गेलं की परत फिरण्याइतकं इंधन उरत नाही. त्या बिंदूच्या आधी शेवटचं हवामान विचारायचं आणि ठरवायचं. तिथे काही दिसत नाही, खाली पाणीच असतं. गोष्टीचा कळस तिथे असतो आणि बहुतेक लेखकांना तो पार करून गेल्याचं कळतच नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. 15 ऑक्टोबर 1932. जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून 'पस मॉथ' हे छोटं विमान घेऊन निघाले आणि टपालाची थैली घेऊन दुपारी जुहूला उतरले. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत, भाषणांत, टाटांवरच्या लेखांत ऐकली आहे. भारताचा पहिला विमान परवाना, 1929 सालचा, त्यांच्या नावावर, हेही ऐकलंय. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं, आणि ते पेट्रोल बर्मा शेलने चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर घालून आणलं होतं. इथे वक्ता थांबतो, सभागृह हसतं. बैलगाडी आणि विमान, काय ती गंमत! मग वक्ता पुढे जातो, जुहूला उतरतो, टाळ्या.

आमच्या मते त्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते बैलगाडीचं आहे, आणि आपण त्याचा विनोद करून टाकलाय. ज्या माणसाने आदल्या दिवशी बैल जुंपले, डबे मोजून चढवले, विमान येण्याआधी मैदानावर उभं राहिला, त्याच्यावर ते उड्डाण टेकलेलं होतं. विमानात रेडिओ नव्हता. गाडी आली नाही, हे आकाशातून कळायला मार्ग नव्हता. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी जुहूहून टपाल पुढे बेल्लारी आणि मद्रासला नेलं, तिथेही हेच. टाटांची विमानसेवा म्हणजे काय, तर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, डबे हजर असणं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलाने निकामी व्हायचं, तेव्हा सेवा पुण्याला हलवावी लागायची, हे त्याच हिशेबातलं दुसरं वाक्य. तेही भाषणांत गळतं. आम्हाला जेआरडींचं धाडस कमी लेखायचं नाही. उलट हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता म्हणून ते धाडस टिकलं, त्याची सेवा झाली. गोष्ट सांगणाऱ्यांनी मात्र त्यातून हिशेबनीस काढून टाकला आणि नुसता वीर ठेवला.

याच्या बरोबर उलटं पुस्तक वाचायचं असेल तर फ्रान्सिस चिचेस्टरचं वाचा. पुढे शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तोच हा गृहस्थ. त्याआधी, 1931 साली, जेआरडींच्या उड्डाणाच्या वर्षभर आधी, त्याने 'जिप्सी मॉथ' नावाचं एका इंजिनाचं विमान पाण्यावर उतरण्यासाठी तरंड्या लावून न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला नेलं. एका दमात जाण्याइतकं पेट्रोल त्यात मावत नव्हतं. म्हणून वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाउ ही दोन बेटं गाठायची. दोन्हींमधलं अंतर जवळपास नऊशे किलोमीटर. लॉर्ड हाउ हे बेट लांबीला दहा-अकरा किलोमीटर, रुंदीला जेमतेम दोन-तीन. चुकलं तर पुढे परत फिरायला पेट्रोल नाही. त्यावर त्याने 1933 मध्ये 'सीप्लेन सोलो' लिहिलं, आणि 1964 च्या 'द लोनली सी अँड द स्काय' या आत्मचरित्रात तो परत त्याकडे आला.

त्याची युक्ती ऐका, कारण समीक्षेच्या दृष्टीनेही ती फार मोलाची आहे. सूर्याचा कोन मोजून त्याला एवढंच कळायचं की आपण अमुक एका रेषेवर आहोत. रेषेवर नेमकं कुठे, ते नाही. आता तुम्ही थेट बेटाकडे जायचं ठरवलंत आणि वारा थोडा चुकला, तर बेट डावीकडे राहिलं की उजवीकडे हे कळत नाही. मग काय कराल? थोडं डावीकडे शोधाल, थोडं उजवीकडे शोधाल, आणि पेट्रोल जाळाल. चिचेस्टरने काय केलं, तर जाणूनबुजून बेटाच्या एका बाजूला नेम धरला, चांगला ठळक. म्हणजे चूक होणार ती कुठल्या बाजूला हे आधीच ठरलेलं. सूर्य सांगेल की बेट आता काटकोनात आलं, की वळायचं आणि त्या रेषेवरून सरळ जायचं. अंतर वाढतं, पेट्रोल जास्त लागतं. पण ते जास्तीचं पेट्रोल देऊन त्याने खात्री विकत घेतली.

हे पुस्तक आम्हाला का आवडतं? त्यात लेखक स्वतःला शूर म्हणत नाही. एका हाताने विमान सावरत, मांडीवरच्या कागदावर लॉगरिदमचे आकडे मांडताना त्याची कशी तारांबळ उडते हे तो लिहितो. वळायची वेळ आल्यावर 'आपलं काही चुकलं तर नाही' ही जी कळ पोटात येते, तिला तो लपवत नाही. लॉर्ड हाउला पोचल्यावर रात्रीच्या वाऱ्यात विमान पाण्यात उलटलं. बेटावरच्या लोकांना हाताशी घेऊन त्याने ते आठवडेच्या आठवडे खपून पुन्हा जोडलं आणि जूनमध्ये ऑस्ट्रेलिया गाठलं. त्या मुक्कामाची पानं तर उड्डाणाच्या पानांहून सरस आहेत. पुस्तकात कंटाळवाण्या जागा आहेत, आकडे खूप आहेत, आणि आम्ही म्हणू, असू देत. त्या आकड्यांमुळेच वळणाच्या त्या क्षणाला वजन येतं.

आता अमेलिया इअरहार्टची गोष्ट शेजारी ठेवा. 2 जुलै 1937, न्यू गिनीतल्या लाए गावाहून ती आणि नाविक फ्रेड नूनन हाउलँड बेटाकडे निघाले. चार हजारांहून जास्त किलोमीटर, आणि समोर दोन-अडीच किलोमीटर लांबीचं, समुद्रापासून काही मीटरच वर असलेलं बेट. शेवटच्या निरोपांत तिने सांगितलं की तुमच्या जवळच असायला हवं पण दिसत नाही, इंधन कमी होतंय. आणि नंतर, एका रेषेवर उत्तर-दक्षिण फिरतोय. रेषा सापडली होती, बाजू सापडली नव्हती, असं त्या शब्दांवरून वाटतं. तिच्यावर मीरा नायरने 2009 साली 'अमेलिया' हा सिनेमा केला. आपल्या मीरा नायरचा, म्हणून आम्ही मोठ्या अपेक्षेने पाहिला. ढग देखणे आहेत, प्रेमप्रकरणं आहेत. पण टाकीत काय होतं आणि त्यावर किती तास उडता येणार होतं, हा हिशेब प्रेक्षकाच्या मनात आधी पेरलेलाच नाही, त्यामुळे शेवटी इंधन संपतं ते नियतीसारखं. नियती म्हटलं की कुणाला काही विचारायचं उरत नाही.

आणि इथून आम्ही त्या दोन अहवालांकडे येतो, ज्यांच्यासाठी खरं तर हे व्याख्यान ठरवलं.

पुन्हा नॉरफोक बेट. 18 नोव्हेंबर 2009 ची रात्र. एक छोटं वेस्टविंड जेट, रुग्णवाहिका म्हणून निघालेलं, सामोआमधल्या आपियाहून मेलबर्नला चाललंय. मध्ये नॉरफोकला इंधन घ्यायचं. विमानात सहा जण: दोन वैमानिक, डॉक्टर, परिचारिका, रुग्ण बाई आणि तिचा नवरा. आपिया ते नॉरफोक सुमारे 2,700 किलोमीटर. निघताना टाक्या पूर्ण भरल्या नव्हत्या, पंखांच्या टोकाच्या टाक्या रिकाम्या होत्या. निघताना अंदाज चांगला होता. वाटेत तो बिघडला, आणि बिघडल्याची सुधारित खबर वैमानिकांपर्यंत नीट पोचली नाही. बेटावर ढग खाली आले. चार वेळा उतरायचा प्रयत्न झाला, धावपट्टी दिसली नाही. दुसरीकडे जाण्याइतकं इंधन नव्हतं. अंधारात त्यांनी विमान समुद्रात उतरवलं. सहाही जण वाचले. किनाऱ्यावरून एका अग्निशमन कर्मचाऱ्याला पाण्यात बारीकसा उजेड दिसला, तो वैमानिकाच्या खिशातल्या बॅटरीचा होता.

ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये अहवाल दिला. तो वाचला तर एका माणसाची गोष्ट वाटते. वैमानिकाने नियोजन नीट केलं नाही, हवामानाची पुरेशी चौकशी केली नाही. वाक्यांचा कर्ता पुन्हा पुन्हा तोच. खोटं काही नाही त्यात. पण वाचक म्हणून आपल्याला प्रश्न पडतो: कंपनीत बेटांच्या उड्डाणांसाठी इंधनाचा नियम काय होता? देखरेख करणाऱ्या खात्याला काय माहीत होतं? या प्रश्नांना तिथे फारशी जागा नाही. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने त्या अहवालावर कडक टीका केली, कॅनडाच्या समकक्ष मंडळाने त्याचं परीक्षण केलं, चौकशी पुन्हा उघडली, 2015 मध्ये समुद्रतळावरून रेकॉर्डर वर काढले, आणि 2017 च्या नोव्हेंबरमध्ये दुसरा अहवाल आला. पाचशेहून जास्त पानांचा.

दुसऱ्या अहवालात वैमानिकाची चूक पुसलेली नाही. ती आहेच. पण कर्ते बदलले. कंपनीच्या पद्धती, हवामानाची खबर देणारी केंद्रं, नियम करणारं खातं, सगळे वाक्यांत कर्ता म्हणून आले. आणि त्यात एक तपशील असा आहे की तो वाचताना आम्ही पुस्तक मिटून बसलो. त्या काळच्या ऑस्ट्रेलियन नियमात दूरच्या बेटांसाठी, नॉरफोक त्यात नावानिशी होतं, पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन नेण्याची सक्ती होती. पण ती प्रवासी नेणाऱ्या उड्डाणांना. रुग्णवाहिका विमान हे कागदोपत्री 'हवाई काम' या वर्गात मोडायचं, पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानासारखं. म्हणजे त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला नियमाच्या लेखी प्रवासी म्हणून जागाच नव्हती. सहलीला गेले असते तर नियमाने टाकी भरायला लावली असती. ती आजारी होती, म्हणून नाही. पुढे तो नियम बदलला.

पहिल्या अहवालाची शैलीच अशी होती की हा तपशील त्याच्या मध्यभागी येणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही म्हणतो की शैली ही शोभेची बाब नाही. 'वैमानिकाने इंधन कमी घेतलं' आणि 'इंधन कमी घ्यायची मुभा होती' या दोन वाक्यांमध्ये पाच वर्षं गेली आणि तेवढा काळ एका माणसाने सगळा दोष एकट्याने वाहिला.

मग कुणी विचारेल, टाकी गच्चच का भरत नाहीत? सोपं आहे की. तर नाही. इंधनाला वजन असतं, लिटरला साधारण आठशे ग्रॅम. 100 लिटर जास्त म्हणजे एक सामानासकट माणूस कमी. लक्षद्वीपमधल्या अगत्तीची धावपट्टी बाराशे मीटरच्या आसपास. तिथे तर प्रत्येक किलोची घासाघीस. हेलिकॉप्टरला तर जास्तच. जड झालं की इंजिनात बिघाड आल्यावर सावरायची ताकद कमी होते. म्हणजे जास्त इंधन ही एक सुरक्षा आणि कमी वजन ही दुसरी, आणि दोन्ही एकाच टाकीत भांडतात.

मुंबई हायचं एक गणित करून पाहू. समजा हेलिकॉप्टरचा वेग ताशी 240 किलोमीटर, अंतर 160. वारा नसेल तर जायला 40 मिनिटं, यायला 40. आता पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा घ्या, ताशी 55 किलोमीटर. जाताना वेग उरतो 185, म्हणजे सुमारे 52 मिनिटं. येताना 295, सुमारे 33. बेरीज 85. जाताना गेलेलं येताना भरून निघत नाही, पाच मिनिटं कायमची गेली. आणखी एक गंमत बघा. वाटेत निम्म्यावर, 80 किलोमीटरवर, आपल्याला वाटतं दोन्हीकडे सारखंच. नाही. या वाऱ्यात बरोबरीचा बिंदू जुहूपासून सुमारे 98 किलोमीटरवर जातो. 90 किलोमीटरवर काही बिघडलं तर फलाट अंतराने जवळ असतो, पण वेळेने जुहू जवळ असते, 23 मिनिटांसमोर 18. नकाशा एक सांगतो आणि टाकी दुसरं सांगते.

आणि तिथे पोचल्यावर डेकवर उतरता आलं नाही तर? उतरायची जागा हलते का, धूर आहे का, दुसरं हेलिकॉप्टर उभं आहे का. परत किनाऱ्याला यायचं इंधन पोटात हवं. बरं, किनारा तरी उघडा आहे ना? जुहू आणि सांताक्रूझ ही दोन विमानतळं एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की 1972 मध्ये जपानचं एक मोठं विमान चुकून जुहूला उतरलं होतं. एकच सर दोघांवर पडते. कागदावर ते दोन पर्याय, आकाशात एकच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या केंद्रावर 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुर्ला, घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत लोक रात्रभर चालत होते, आणि विमानतळ बंद. दुसऱ्याच दिवशी, 27 जुलैला, मुंबई हाय नॉर्थच्या फलाटाला जहाजाचा धक्का लागून आग लागली. दोन-एक तासांत फलाट नाहीसा झाला, 22 माणसं गेली. बेट आणि किनारा, दोन्ही टोकं एकाच आठवड्यात अशी. आपल्याकडे 26 जुलैवर भरपूर लिहिलं गेलं. 27 जुलैवर मराठीत जे आलं ते बहुतेक दोन दिवसांच्या बातम्या. उपनगरातल्या माणसाला तो आपला अपघात वाटलाच नाही, आणि तिथे जाणारी माणसं तर आपल्याच डोक्यावरून रोज जातात.

जुहूहून निघालेल्या हेलिकॉप्टरांचे अपघात पुढेही झाले. 13 जानेवारी 2018 ला सात जण गेले. 28 जून 2022 ला नवातले चार. दोन्ही इंधन संपल्याचे नव्हेत, उगीच ओढूनताणून तसं म्हणणार नाही. पण बातम्यांची भाषा काढून बघा. पहिल्याच दिवशी 'तांत्रिक बिघाड की वैमानिकाची चूक?' असा चौकटीतला प्रश्न. तिसरा पर्याय नाही. नॉरफोकच्या पहिल्या अहवालाची सवय ती हीच. किती वजन घेऊन निघालं, किती इंधनावर, कुठला नियम लागू होता, हवामान कोणी आणि कधी कळवलं, हे विचारायला दुसऱ्या दिवसाची बातमी लागते, आणि तोवर जागा दुसऱ्या कशाला गेलेली असते.

वेळ होत आलीय. चिचेस्टरच्या पुस्तकातली लॉर्ड हाउची पानं मराठीत करून आणायचा आमचा विचार आहे, पुढच्या खेपेला वाचू. तोवर कुणाच्या घरात मुंबई हायवर पाळी करून आलेलं कुणी असेल तर त्यांना एक विचारून या: जुहूला तुमचं वजन कधी केलं होतं का, आणि आकडा सांगितल्यावर पलीकडच्या माणसाने वहीत आणखी काय काय लिहिलं.